बत्ताशाच्या दाढा

एकदा एका गवताच्या व्यापाऱ्याकडे एक ससा होता, आणि त्या सशाने गवत कधी चाखलेले नव्हते.

व्यापाऱ्याची वखार वेशीबाहेर होती. तिथे गवताच्या गंजी माणसाच्या दुप्पट उंचीने उभ्या असत आणि पंचक्रोशीतली गुरे त्यांच्यावर जगत. पण वखारीतला माल घरात आणायचा नाही, असा त्याच्या वडिलांनी घालून दिलेला नियम होता. वडिलांनी तो का घातला हे कुणालाच ठाऊक नव्हते, त्यामुळे तो फार काटेकोरपणे पाळला जाई. शिवाय व्यापाऱ्याचे स्वतःचेही एक मत होते. तो म्हणे, "गवत आपण विकतो. घरच्या माणसाच्या ताटात वाढत नाही."

सशाची गणना घरच्या माणसांत होत असे. त्याचे नाव बत्तासा. व्यापाऱ्याच्या एकुलत्या एक मुलीने तो पाळला होता, आणि वैशाखात लग्न होऊन सासरी निघताना तिने तो बापाच्या ओंजळीत ठेवला होता. "बाबा, दिवाळसणाला येईन तेव्हा मला तो असाच हवा," एवढेच ती म्हणाली. ज्याच्या आवाजाने वखारीतले हमाल पाठीवरचा भारा विसरत, तो माणूस त्या वेळी नुसती मान हलवून उभा राहिला.

त्या दिवसापासून घरात सशाचे ताट आधी वाढले जाऊ लागले. भिजवून सोललेले बदाम, केळ्याचे काप, साल काढलेली काकडी, सणावाराला साजूक तुपातला शिरा. त्याला काही म्हणून चावावे लागू नये, याची काळजी व्यापारी जातीने घेई. अशा प्राण्याला दात दिलेत तरी कशाला, असा प्रश्न एखाद्याला पडायला हवा होता. कुणाला पडला नाही.

त्याच गावात जनावरांचे एक वृद्ध वैद्य राहत आणि त्यांच्याजवळ एक शिष्य होता. शिष्य हुशार होता. प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर देण्याची कला त्याला साधली होती, आणि ही कला अंगी बाणली की अज्ञान बरीच वर्षे सुखात राहते. वैद्यांची सवय अशी की, शिष्य एखादे जनावर पाहून आला की ते चष्म्याच्या वरून, पापणी न हलवता, त्याच्याकडे पाहत आणि विचारत, "काय पाहिलंस?" त्या नजरेखाली 'पाहिलं नाही' असे म्हणणे शिष्याला आजवर कधी जमले नव्हते. गुरूंनी त्याला शब्द दिला होता, की सगळे ठीक दिसले तर दिवाळीच्या पाडव्याला शेजारच्या गावचा दवाखाना त्याच्या हाती सोपवू. तेव्हापासून तर त्याची उत्तरे अधिकच तत्पर झाली होती.

दसऱ्यानंतर व्यापाऱ्याकडून निरोप आला. ससा जरा सुस्त वाटतो, येऊन पाहून जावे. वैद्यांचा गुडघा सुजला होता. त्यांनी शिष्याला पाठवले आणि जाताना त्याच्या हातात फ्लॅनेलच्या तुकड्यात, स्वतः दोऱ्याची गाठ मारून बांधलेला, लांब दांडीचा एक इवलासा आरसा दिला. ते म्हणाले, "ओठ उचलला की पुढचे दात कुणालाही दिसतात. मागच्या दाढा याने बघ. ससा दाढांपासून आजारी पडतो."

व्यापाऱ्याच्या ओसरीवर घरची सगळी माणसे जमली होती. व्यापारी सशाच्या डोक्याशी उभा होता, म्हणजे शिष्याच्या डोक्याशीच.

व्यापाऱ्याची बायको म्हणाली, "हनुवटी ओली असते हो त्याची. आणि डाव्या डोळ्यातून पाणी येतं. खाताना मानही वाकडी करतो."

"तुला प्रत्येकात खोट दिसते," व्यापारी म्हणाला.

"लग्नानंतर सवय लागली," ती म्हणाली.

शिष्याने पाहणी केली. कान ताठ, नजर चंचल, अंगावरचे केस पांढरेशुभ्र, पुढचे दात सरळ. व्यापाऱ्याने काकडीचा काप पुढे केला, तो सशाने तत्परतेने तोंडात घेतला. शिष्याने फ्लॅनेलच्या पुडक्याला हात घातला तोच व्यापारी गरजला, "तोंड उघडायचं नाही हं! त्याला आवडत नाही ते. आजवर त्याच्या तोंडात बोट घातलं नाही कुणी."

शिष्याने सशाच्या एवढ्याशा तोंडाकडे पाहिले, मग व्यापाऱ्याच्या मनगटांकडे पाहिले, आणि पुडके परत पिशवीत टाकले. तो म्हणाला, "ठणठणीत आहे. हवा बदललीय, दुसरं काही नाही." हवेवर दोष टाकण्यात एक सोय असते. हवा तक्रार घेऊन येत नाही.

घरी वैद्यांनी चष्म्याच्या वरून पाहिले. "मागच्या दाढा?"

"स्वच्छ आहेत, गुरुजी."

वैद्यांनी पुडके फळीवर ठेवले. शिष्याला त्या रात्री झोप लागली, पण उशिरा.

दिवाळी तोंडावर आली असताना एका सकाळी व्यापारी स्वतःच वैद्यांच्या दारात उभा राहिला. धावत आल्यामुळे त्याचा पंचा गळ्यातून लोंबत होता. "काल दुपारपासून ताटाला शिवला नाही. शिरा केला, शिऱ्यालाही नाही. परवा पोर येतेय, वैद्यराज. तिला काय दाखवू मी?"

वैद्य गुडघ्याला न विचारता उठले. "तुम्ही काल दुपारीच यायचं होतं. माणूस दोन दिवस उपाशी राहिला तर लोक त्याला व्रत म्हणतात. सशाचं तसं नसतं. त्याचं पोट चालतं राहिलं तरच तो जगतो. एक वेळ चुकली की धावत सुटायचं."

"पण तुमचा शिष्य म्हणाला होता, ठणठणीत आहे!"

शिष्य पिशवी भरत होता. त्याने ती पुन्हा एकदा भरली.

व्यापाऱ्याच्या घरी दिवाळीची साफसफाई चालली होती. चिंचेने घासलेली पितळेची भांडी ओसरीच्या भिंतीशी ओळीने उभी होती आणि एकेक परात उन्हात आरशासारखी लखलखत होती. माणसांची चाहूल लागताच बत्ताशाने कान उभारले, अंग सावरले आणि व्यापाऱ्याच्या हातातला काकडीचा काप तोंडात धरला.

"बघा, बघा! तुम्ही नुसते आलात तर केवढा टवटवीत झाला," व्यापारी हरखून म्हणाला.

वैद्यांनी सशाकडे पाहिलेही नाही. त्यांनी व्यापाऱ्याच्या बायकोला विचारले, "पिंजऱ्यातला केर टाकलात का?"

"सुपलीत आहे अजून. का हो?"

"आणा बरं."

सुपली आली. सराफाने दागिना उजेडाला धरावा तशी वैद्यांनी ती उन्हाला धरली. केरात लेंड्या थोड्याच होत्या, त्याही मिरीएवढ्या आणि वाळलेल्या.

व्यापाऱ्याची बायको हळू आवाजात म्हणाली, "पूर्वी चांगल्या हरभऱ्याएवढ्या असायच्या. मी यांना सांगणार होते, पण जेवताना असलं बोललेलं यांना चालत नाही. आणि एरवी हे घरात नसतात."

वैद्यांनी वखारीच्या गाडीवानाकडून वाळल्या गवताची एक पेंढी मागवली. वडिलांचा नियम आठवून व्यापाऱ्याने तोंड उघडले आणि, प्रसंग पाहून, मिटले. पेंढी आणि काकडीचे काप सशापुढे ठेवून वैद्य म्हणाले, "आता सगळ्यांनी त्याच्याकडे पाठ करून बसायचं."

व्यापारी म्हणाला, "वैद्यराज, तुम्हाला ससा पाहायला बोलावलंय. रुसून बसायला नाही."

"बसा," वैद्य म्हणाले.

गुरूंचे वय झाले, असे शिष्याच्या मनात आले. तरी तो भिंतीकडे तोंड करून बसला. व्यापारी बसला, त्याची बायको बसली. वैद्यांनी यंदा डोंगरावरचे गवत कसे आहे याची चौकशी सुरू केली, आणि गवताचा विषय निघाल्यावर व्यापाऱ्याला गप्प बसवणे अवघडच होते. तो पवन्या आणि कुसळी या गवताच्या जातींतला भेद सांगू लागला. मग वैद्यांनी काठीच्या टोकाने शिष्याच्या समोरची परात हलकेच तिरकी केली. शिष्याने परातीत पाहिले आणि त्याला मागचा ससा दिसला.

तो मघाचा ससा नव्हता. कान पडले होते. पाठीला पोक आले होते, डोळे अर्धे मिटले होते. तोंडातला काकडीचा काप, जो सगळ्यांनी त्याला खाताना पाहिला होता, तो तसाच अखंड खाली पडला. थोड्या वेळाने बत्तासा गवताकडे सरकला. त्याने एक काडी उचलली, जबडा एकदा हलवला, मान झटक्यात वाकडी केली आणि काडी टाकून दिली. मग पुढच्या पायाने हनुवटी पुसली. त्या पायाचे केस चिकटून दोरीसारखे झाले होते. शिष्याने सशाचे सगळे अंग तपासले होते, पाय मात्र उलटून पाहिले नव्हते.

मग आवाज आला. करकर, करकर. कोरड्या लाकडावर लाकूड घासावे तसा.

पवन्या गवत व्यापाऱ्याच्या जिभेवरच राहिले. "हे काय?"

त्याची बायको म्हणाली, "दात वाजवतोय. स्वयंपाकघरात असले की रोज ऐकते मी. तुम्हीच म्हणालात ना, खुशीत आहे म्हणून?"

वैद्य भिंतीकडे तोंड ठेवूनच बोलले. "मांडीवर घेऊन कुरवाळलं की हलकेच वाजवतो, ती खुशी. एकटा बसून असे करकरवतो, तेव्हा समजावं, याला कळा येतायत."

"पण माझ्यासमोर तो खात होता! माझ्या हातून घेत होता!" व्यापाऱ्याचा आवाज चिरकला. "मी रोज याच्याकडे डोळ्यांत तेल घालून बघतोय, वैद्यराज."

तेव्हा वैद्य म्हणाले, "तिथंच चुकलं, शेटजी. रानात ससा ज्याला दिसतो तो त्याला खायला बघतो. घार, कोल्हा, मुंगूस, सगळे कळपात कोण लंगडतोय, कोण मागे पडतोय, हेच शोधत असतात. अशा जिवाला आजारी दिसणं परवडत नाही. म्हणून कुणी बघतंय असं वाटलं की तो कान उभारतो. तुम्ही त्याच्यावर कितीही माया करा, तुमचे दोन डोळे त्याच्यावर रोखलेले आहेत, एवढंच त्याला कळतं. बघणाऱ्याला तो तब्येत दाखवतो आणि पाठ फिरली की दुखणं. ते ज्याला बघायचं असेल त्याने सुपलीतला केर बघावा, हनुवटी बघावी, पंजे उलटून बघावेत, आणि ताटात काय वाढलं यापेक्षा काय उरलं ते बघावं. यातलं निम्मं तुमच्या घरात रोज दिसत होतं. दिसलेलं ऐकून घ्यायला कुणी नव्हतं."

व्यापाऱ्याच्या बायकोने नुसते नवऱ्याकडे पाहिले. त्याला तेवढे पुरले.

सशाला गुंगीचे औषध देऊन वैद्यांनी त्याला पाटावर निजवले आणि पिशवीतले फ्लॅनेलचे पुडके काढले. दोरा सोडताना त्यांची बोटे क्षणभर थांबली. मग त्यांनी आरसा पुसून शिष्याच्या हाती दिला. "आधी तू बघ."

शिष्याने पाहिले. डावीकडच्या एका दाढेची कड आत वळून काट्यासारखी टोकदार झाली होती, आणि तिच्याखाली जिभेला जखम पडली होती. कडा पांढरट पडलेली, जुनी जखम. एवढा काटा पंधरा दिवसांत वाढत नाही, हे समजण्याइतके शिक्षण त्याचे झालेले होते.

वैद्य व्यापाऱ्याला सांगत होते, "सशाचे दात नखांसारखे जन्मभर वाढतात. गवत भरडून भरडून ते झिजतात. शिऱ्याने काय झिजणार? तुम्ही त्याला चावू दिलं नाही, म्हणून दाढा वाढल्या, आणि वाढल्या म्हणून त्याला चावता येईना. डोळ्यातलं पाणीही त्यांच्यामुळेच. मुळं वर सरकली की डोळ्यातलं पाणी जायची वाट दाबतात."

"गावातली गुरं माझ्या गवतावर जगतात," व्यापारी खाली बसत म्हणाला.

"हो. घरात एकच गवतखाऊ होता. तो तेवढा राहून गेला."

मग वैद्यांनी आपला उजवा हात उचलून शिष्यापुढे धरला. तो थरथरत होता. "कानस तू घे. घाई करू नकोस. आणि शेटजी, हे घरी करून बघायचं काम नाही, आधीच सांगून ठेवतो."

शिष्याने दाढ घासली. काटा निघाला, शिष्याने बोटाने कड चाचपून पाहिली, ती गुळगुळीत लागली. शुद्धीवर आल्यावर सशाला वाटलेल्या गवताची पातळ पेज थेंबाथेंबाने पाजली गेली. वैद्य म्हणाले, "आता त्याचं पोट चालू झालं तर तो जगला. पेज पाजत राहा आणि सुपलीवर लक्ष ठेवा. उद्या सकाळपर्यंत कळेल."

परतताना शिष्याला रस्ता फार लांब वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारपेठ उघडत होती. दुकानदार फळ्या काढत होते, कुणी उदबत्ती लावत होते. तेवढ्यात भर पेठेतून गवताचा व्यापारी अनवाणी धावत आला. त्याच्या पसरलेल्या तळहातावर केळीच्या पानाचा एक तुकडा होता आणि तो प्रसादासारखा सांभाळत तो ओरडत होता, "झाल्या! वैद्यराज, झाल्या! लेंड्या झाल्या! हरभऱ्याएवढ्या!"

पेठेतल्या लोकांना प्रथम वाटले, त्याला नातू झाला. हिशेब जुळेना, तेव्हा ते पान पाहायला पुढे झाले, आणि पाहून मागे झाले.

"गवत खाल्लं?" तो अंगणात पोचताच वैद्यांनी विचारले.

"पहाटे चार काड्या खाल्ल्या. मी बघितलं नाही हो! पाठ करून बसलो होतो. बायकोने परातीत बघून सांगितलं." त्याचे डोळे भरून आले होते, म्हणून त्याने तोंड फिरवले. पान मात्र हातात सरळ धरून ठेवले होते.

पुढे मुलगी दिवाळसणाला आली आणि सशापुढे गवताची पेंढी पाहून, "बाबा, माझ्या माघारी याचे हे हाल?" म्हणून बापावर रागावली. तो राग त्याने आनंदाने सोसला. पण त्या सकाळी तो निघून गेल्यावर वैद्य आणि शिष्य अंगणात दोघेच उरले.

शिष्याचा जीव भांड्यात पडला होता. ससा वाचला होता. व्यापारी जाताना त्याच्या पाठीवर थाप मारून गेला होता. आता जुने उकरण्यात कुणाचे काही हित नव्हते, आणि पाडवा दोन दिवसांवर आला होता. त्याने आपल्या मनाशी हे सगळे नीट मांडले आणि त्याला ते पटतही आले.

वैद्य दगडी डोणीपाशी हत्यारे धूत होते. त्यांनी कानस धुतली, चिमटा धुतला, आरसा धुतला. मग, शिष्याकडे पाठ असतानाच, अगदी सहज विचारावे तसे विचारले, "दसऱ्यानंतर गेला होतास तेव्हा दाढा पाहिल्या होत्यास का रे?"

उत्तर शिष्याच्या ओठांवर तयार होते. नेहमीसारखे. ते द्यायला त्याने मान वर केली आणि पाहिले, तर समोर चष्मा नव्हता, ती न हलणारी पापणी नव्हती. पाण्यात हात घालून ओणवी झालेली, सदरा घामाने चिकटलेली एक म्हातारी पाठ होती. ती वळत नव्हती. धुवायचे काही उरले नव्हते, तरी वळली नाही.

"नाही, गुरुजी," शिष्य म्हणाला. त्याला स्वतःचाच आवाज अनोळखी वाटला. "आरसा काढलाच नव्हता. व्यापाऱ्याला भ्यालो. आणि नंतर तुम्हाला."

"हं," वैद्य म्हणाले. "काल दोरा सोडताना गाठ माझीच निघाली."

त्यांनी आरसा पाण्यातून काढून झटकला.

मग ते म्हणाले, "मीही शेटजीसारखाच वागलो. इतकी वर्षं तुझ्यावर डोळे रोखून विचारत आलो, आणि तू दर वेळी कान उभारून दाखवलेस. मला वाटलं, शिष्य ठणठणीत आहे." त्यांनी आरसा फडक्याने कोरडा केला, फ्लॅनेलमध्ये ठेवला आणि दोरा न बांधताच पुडके मागे, न बघता, शिष्याच्या दिशेने पुढे केले. "हा आता तुझ्या दवाखान्यात लागेल. गाठ तुझी तू बांध."

शिष्याने ते दोन्ही हातांनी घेतले. त्याचे डोळे पुसून होईपर्यंत वैद्यांनी धुतलेला चिमटा पुन्हा एकदा धुतला.

आपल्याकडे माणसे एकमेकांची विचारपूस पुष्कळ करतात. ती अधूनमधून जरा तोंड फिरवून केली, तर उत्तरेही मिळू लागतील.